संविग्न पाखरे आणि सुधीजन : 'महीनेर घोडागुलि'च्या ध्वनिमुद्रिकांतील उपहास आणि त्याचा स्वीकार

बंगाली रॉक संगीताचा इतिहास सांगताना 'महीनेर घोडागुलि' या कोलकात्याच्या बँडची ओळख 'काळाच्या पुढे असलेला' या एकाच विशेषणाने करून देण्याची प्रथा पडली आहे. १९७५ च्या सुमारास एकत्र आलेल्या या गटाच्या तीन छोट्या ध्वनिमुद्रिका १९७७, १९७८ आणि १९७९ या लागोपाठच्या वर्षांत निघाल्या. पहिलीत चार आणि पुढील दोहोंत दोन-दोन, अशी एकूण अवघी आठ गाणी त्यांत होती. त्या वेळी त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी गट विखुरला आणि पुढे दीड दशकानंतर त्याला आद्यत्वाचा मान मिळाला. या गौरवात एक गोष्ट मात्र दृष्टिआड झाली. ही गाणी नव्या वाद्यांसाठी जशी रचलेली होती, तशीच ती सुसंस्कृत नागर अभिरुचीचा उपहास करण्यासाठीही रचलेली होती. उपहासाचे लक्ष्य असलेल्या वर्गानेच पुढे त्यांचा प्रेमाने स्वीकार केला, तेव्हा उपहासाचे काय झाले, हा प्रश्न तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

१. डमडम : कारखाना आणि आकाश

या प्रश्नाचा विचार कोलकात्याच्या उत्तरेकडील डमडम या उपनगरापासून करणे सोयीचे ठरते. बंगालीत 'दमदम' आणि मराठी वृत्तपत्रांत 'डमडम' असे लिहिले जाणारे हे नाव जगाला प्रथम परिचित झाले ते तेथील शस्त्रागारात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेल्या, शरीरात शिरल्यावर पसरणाऱ्या बंदुकीच्या गोळीमुळे. १८९९ च्या हेग परिषदेने अशा गोळ्यांच्या वापरास मनाई केली. विसाव्या शतकात मात्र डमडमची ओळख दोन वेगळ्या गोष्टींशी जोडली गेली : ध्वनिमुद्रिकांचा कारखाना आणि विमानतळ.

ग्रामोफोन कंपनीने कोलकात्यातील आपले पहिले ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये केले, १९०८ मध्ये सियालदह भागात कारखाना काढला आणि १९२८ मध्ये तो डमडमला हलविला. 'हिज मास्टर्स व्हॉइस'चे बोधचिन्ह मिरविणाऱ्या असंख्य तबकड्या येथूनच देशभर गेल्या. मराठी नाट्यगीते आणि भावगीते ज्या तबकड्यांवरून घरोघर पोहोचली, त्यांचाही या कारखान्याशी संबंध होता. बंगालीपुरते बोलायचे तर रवींद्रसंगीत, नजरुलगीती आणि 'आधुनिक गान' या ज्या कोटींत श्रोत्यांच्या मनात गाण्याची वर्गवारी होई, ती वर्गवारी स्थिर करण्यात या ध्वनिमुद्रणव्यवस्थेचा वाटा फार मोठा आहे. कोणते गाणे कोणत्या कोटीचे, त्यास कोणती वाद्ये शोभतात, शब्दोच्चार कसा असावा, यांविषयीचे संकेत तबकडीच्या द्वारे रुजले. रवींद्रसंगीताच्या बाबतीत तर विश्वभारतीच्या संगीत मंडळाची मान्यता घ्यावी लागे. देबव्रत बिश्वास यांच्यासारख्या श्रेष्ठ गायकाच्या काही ध्वनिमुद्रणांनाही वाद्यांच्या वापराबद्दल आक्षेप घेऊन ती नाकारण्यात आली होती. एका पियानोच्या वा सॅक्सोफोनच्या स्वराने जेथे वाद माजत होता, तेथे गिटार, ड्रम आणि व्हायोलिन घेऊन बंगाली गाणे म्हणणारा गट कोणत्याच कोटीत बसणारा नव्हता.

डमडमची दुसरी ओळख विमानतळाची. १९९५ मध्ये त्यास नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव देण्यात आले. तोवर, आणि बोलण्यात त्यानंतरही, कोलकात्याचा विमानतळ म्हणजे डमडमच. पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील शीर्षकगीताची भूमी विमानतळ हीच आहे. गाण्यात स्थळनाम नाही. परंतु रिकामी धावपट्टी, थबकलेले ढग, आळसावलेली रडारयंत्रणा आणि त्यावर उडणारी पाखरे हे दृश्य कोलकात्याच्या श्रोत्याच्या मनात दुसरीकडे कोठे उभे राहणे शक्य नव्हते. दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षकात पाखरांची जागा अज्ञात उडती वस्तू घेते. ज्या उपनगरात नागर अभिरुची तबकडीवर ठसवली जात होती, त्याच्याच आकाशाकडे ही गाणी पाहत होती, असे म्हणता येईल.

२. नावांतील उपहास

या गटाचा उपहास गाणे सुरू होण्यापूर्वी नावांतच सुरू होतो. स्थिर नाव मिळण्यापूर्वी गटाने जी नावे धारण केली, त्यांत 'गौतम चट्टोपाध्याय बी.एस्सी. ओ संप्रदाय' हे एक होते. कीर्तनमंडळी, जात्रामंडळी यांच्या नावातील 'अमुक ओ संप्रदाय' ही जुनी धाटणी आणि नावापुढे पदवी लावण्याची भद्रलोकांची हौस यांची ही जोडणी पुरेशी बोलकी आहे. गटाचे प्रमुख गौतम चट्टोपाध्याय हे प्रेसिडेन्सी महाविद्यालयाचे विज्ञानाचे विद्यार्थी होते. त्यामुळे पदवीचा हा टोला प्रथम स्वतःवरच होता.

'महीनेर घोडागुलि' म्हणजे 'महीनचे घोडे'. हे नाव जीवनानंद दास यांच्या 'घोडा' या कवितेतून घेतले आहे. 'सातटि तारार तिमिर' (१९४८) या संग्रहातील या कवितेत कार्तिकाच्या चांदण्यात चरणारे घोडे अश्मयुगातून थेट यंत्रयुगात आल्यासारखे दिसतात. रवींद्रोत्तर काव्यातील सर्वांत गूढ प्रतिमांपैकी एक प्रतिमा उचलून ती विजेवर चालणाऱ्या वाद्यांच्या गटाला लावणे यात आदर होता आणि खट्याळपणाही होता.

ध्वनिमुद्रिकांची शीर्षके हा त्याहून सूक्ष्म प्रकार आहे. पहिली 'संविग्न पाखिकुल ओ कलकाता विषयक' (१९७७), दुसरी 'अजाना उडंत वस्तु वा अ-उ-ब' (१९७८) आणि तिसरी 'दृश्यमान महीनेर घोडागुलि' (१९७९). ही शीर्षके मराठी वाचकाला भाषांतराविना कळतात. 'संविग्न', 'विषयक', 'वस्तु', 'दृश्यमान' हे सारे तत्सम शब्द दोन्ही भाषांत समान आहेत. पण अर्थ कळला तरी त्यांतील सूर हरवण्याचा धोका या समानतेतच आहे. बंगालीत संस्कृतप्रचुर 'साधुभाषा' आणि बोलीला जवळची 'चलितभाषा' हा भेद एकोणिसाव्या शतकापासून साहित्यव्यवहाराच्या केंद्रस्थानी राहिला. प्रमथ चौधुरींच्या 'सबुजपत्र' या १९१४ मध्ये निघालेल्या मासिकाने चलितभाषेचा कैवार घेतला, तरी संपूर्ण विजय मिळण्यास अर्धे शतक लागले. १९७७ पर्यंत साधुभाषेला अग्रलेख, प्रबंध आणि सरकारी कागद यांचा वास येऊ लागला होता. अशा वेळी गाण्याच्या तबकडीला '...विषयक' असे प्रबंधाचे शेपूट लावणे म्हणजे विद्वत्तेच्या पोशाखाचीच गंमत करणे होय.

'अ-उ-ब' हे तर परिभाषेचेच विडंबन आहे. अज्ञात उडत्या वस्तूसाठी इंग्रजीत आद्याक्षरांचा जो संक्षेप रूढ आहे, त्याचा कोशकाराच्या गांभीर्याने बंगाली प्रतिशब्द घडवायचा आणि त्याचा पुन्हा संक्षेप करायचा. परिणामी तीन अक्षरे उरतात आणि ती लहान मुलाच्या बडबडीसारखी ऐकू येतात. भाषा संचालनालयाचे पदनामकोश आणि परिभाषाकोश पाहिलेल्या मराठी वाचकाला या विनोदाचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. आधुनिक होण्यासाठी परका शब्द टाळायचा आणि टाळताना त्याचाच साचा वापरायचा, या पेचावर येथे बोट ठेवले आहे. आणि ते ठेवणारा गट स्वतः परक्या संगीताचा साचा वापरीत होता. म्हणून हा उपहास बाहेरून फेकलेला दगड नसून आतून धरलेला आरसा आहे.

३. आवडींची यादी

पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील 'हाय भालोबाशि' हे गाणे या आरशाचे उत्तम उदाहरण होय. त्याची रचना यादीची आहे. चांदणे, काशफुलांचे रान, सावलीतली पायवाट, होडीतला प्रवास अशा निसर्गप्रेमी आवडींपासून ती सुरू होते. मग पिकासो, बुन्युएल आणि दांते येतात. बीटल्स, डिलन आणि बेथोव्हेन येतात. रविशंकर आणि अली अकबर येतात. चाल हलकी, लडिवाळ आहे. १९७० च्या दशकातील सुशिक्षित कोलकातावासी तरुणाची संपूर्ण सांस्कृतिक मालमत्ता काही ओळींत मांडून दाखविली जाते. नंतर गाणे वळते : गावांत आणि बंदरांत राबणारी, घाम गाळणारी माणसे दिसली की यांतले काहीच आवडेनासे होते.

हे वळण ज्या शब्दांनी घेतले आहे, त्यांत रवींद्रनाथांच्या 'ओरा काज करे' या 'आरोग्य' (१९४१) संग्रहातील कवितेचा पडसाद स्पष्ट ऐकू येतो. साम्राज्ये येतात आणि जातात, काम करणारे मात्र काम करीतच राहतात, हा त्या कवितेचा आशय बंगालमधील प्रत्येक शिक्षित माणसाला परिचित आहे. म्हणजे कष्टकऱ्यांविषयीची अस्वस्थताही श्रोत्यापर्यंत येते ती पाठ झालेल्या काव्यपंक्तीच्या वाटेने. पिकासो आणि डिलन यांच्याबरोबर 'ओरा काज करे' हीसुद्धा यादीतलीच एक वस्तू आहे की काय, ही शंका गाणे उघडपणे विचारीत नाही. पण मनात सोडून जाते. शीर्षकातील 'हाय' या उद्गारात प्रेम किती आणि कुत्सितपणा किती, हे ठरविता येत नाही आणि ते न ठरणे हेच या गाण्याचे सामर्थ्य आहे.

या अस्वस्थतेला इतिहास आहे. गौतम चट्टोपाध्याय नक्षलवादी चळवळीत होते आणि त्यापायी त्यांनी तुरुंगवास भोगला होता. चळवळ मोडून पडली, १९७५ मध्ये आणीबाणी आली, १९७७ च्या जूनमध्ये पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीचे सरकार आले. ज्यांनी क्रांतीची भाषा जिवावर उदार होऊन बोलली, त्यांच्यापुढे तीच भाषा आता सत्तेची आणि सभासंमेलनांची झाली. घोषणेचे गाणे म्हणणे शक्य नव्हते आणि केवळ प्रेमगीत म्हणणे मनाला पटत नव्हते. या दोहोंच्या मधली जागा उपहासाने घेतली. 'भेसे आशे कलकाता' या गाण्यात शहर धुक्यात, उपनगरातल्या पहाटेच्या रूपाने, दूर गेलेल्या माणसाच्या आठवणीत तरंगत येते. वरवर ते निव्वळ हुरहुरीचे गाणे वाटते; यादीच्या गाण्याशेजारी ठेवून ऐकले म्हणजे ती हुरहुरही तपासून पाहण्याजोगी वाटू लागते.

दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेतील एका गाण्याचे शीर्षक 'सुधीजन शोनो गो' असे आहे. 'सुज्ञ जनहो, ऐका' हे पांचाली आणि कथागायनाच्या परंपरेतील आवाहन. आकाशात काहीतरी अनोळखी उडते आहे आणि खाली सुधीजनांची सभा भरली आहे, अशी या ध्वनिमुद्रिकेतील दोन शीर्षकांची मांडणी दिसते. अनोळखी वस्तू म्हणजे खुद्द हे गाणेच, आणि सुधीजन म्हणजे श्रोते, असा अर्थ लावल्यास तो ओढूनताणून लावलेला ठरणार नाही.

४. स्वीकाराच्या तीन अवस्था

या गाण्यांच्या स्वीकारात तीन अवस्था दिसतात. पहिली अवस्था उपेक्षेची. प्रस्थापित कोटींत न बसणाऱ्या गाण्याला नाव नव्हते, आणि ज्याला नाव नाही त्याची समीक्षा होत नाही. शिवाय बंगालला उपहास नवा नव्हता. 'हुतोम प्याँचार नक्शा' (१८६२) पासून सुकुमार राय यांच्या 'आबोल ताबोल' (१९२३) पर्यंत त्याची थोर परंपरा होती; परंतु ती प्रामुख्याने ग्रंथांतून आणि रंगमंचावरून वावरली. प्रतिष्ठित गाण्याकडून अपेक्षा होती ती भावाची. गंभीर मुखाने गाइलेला उपहास ओळखण्याची सवय श्रोत्याला नव्हती.

दुसरी अवस्था पूर्वसूरित्वाची. १९९२ मध्ये सुमन चट्टोपाध्याय (पुढे कबीर सुमन) यांचा 'तोमाके चाइ' हा संच ग्रामोफोन कंपनीनेच काढला आणि शहरी जीवनाचे, बोलीतले, एकट्या गिटारवरचे गाणे एकदम लोकप्रिय झाले. 'जीवनमुखी गान' हे नाव या प्रवाहाला मिळाले. नवे नाव मिळताच त्याचे पूर्वज शोधले जाऊ लागले आणि महीनचे घोडे सापडले. १९९५ मध्ये गौतम चट्टोपाध्याय यांनी 'आबार बछर कुडि परे' ही ध्वनिफीत कोलकाता पुस्तकमेळ्यात आणली. हे शीर्षकही जीवनानंदांच्याच एका कवितेतले. या ध्वनिफितीवर आणि तिच्यानंतरच्या संचांवर 'महीनेर घोडागुलि संपादित' असे शब्द होते. गाणी अनेक तरुण गटांची आणि गायकांची होती. 'संपादित' हा शब्द महत्त्वाचा आहे. ध्वनिफितीची कल्पना येथे लघुनियतकालिकाच्या अंकासारखी केलेली दिसते : कंपनीऐवजी संपादक, कलावंताच्या कीर्तीऐवजी निवड, दुकानाऐवजी पुस्तकमेळा. डमडमच्या व्यवस्थेला दिलेले हे सर्वांत विचारपूर्वक उत्तर होते. २० जून १९९९ रोजी गौतम चट्टोपाध्याय यांचे निधन झाले.

तिसरी अवस्था स्मरणरंजनाची. १९९५ च्या ध्वनिफितीतील 'पृथिबीटा नाकि' हे गाणे दूरचित्रवाणीच्या पडद्यात आक्रसत चाललेल्या जगाविषयी आहे. त्यात माणसे एकमेकांपासून कशी दुरावतात, याबद्दलची तक्रार आहे. २००६ मध्ये 'गँगस्टर' या हिंदी चित्रपटात तीच चाल एका विरहगीताला मिळाली. बांगलादेशचे रॉक गायक जेम्स यांनी गाइलेले ते गीत देशभर गाजले. चाल जगली, उपरोध गळून पडला. बंगालमध्येही महाविद्यालयीन संमेलनांतून आणि मित्रांच्या बैठकींतून ही गाणी गाइली जाऊ लागली ती हरवलेल्या तारुण्याची आणि हरवलेल्या शहराची गाणी म्हणून.

याच काळात 'चंद्रबिंदु' या दुसऱ्या गटाच्या उपहासाला उपहास म्हणूनच दाद मिळाली, ही गोष्ट तुलनेसाठी उपयोगी आहे. सुकुमार राय यांच्या 'ह-य-ब-र-ल' मधून नाव घेतलेल्या या गटाच्या संचांची 'गाधा', 'त्वकेर यत्न निन' अशी शीर्षके विनोदाची पूर्वसूचना देऊनच येतात. 'त्वचेची काळजी घ्या' असे जाहिरातीच्या सुरात सांगणाऱ्या संचाकडून श्रोता हसण्याची तयारी ठेवूनच ऐकतो. महीनच्या घोड्यांनी अशी कोणतीच सूचना दिली नव्हती.

५. मराठीच्या बाजूने

मराठीतील समकालीन स्थितीशी ही उदाहरणे ताडून पाहता एक भेद स्पष्ट होतो. मराठीत उपहासगीताला रंगभूमीचे घर होते. तमाशातील बतावणी आणि वग, त्यांवर आधारलेली 'विच्छा माझी पुरी करा'सारखी लोकनाट्ये आणि १९७२ चे 'घाशीराम कोतवाल' यांतून गाणे आणि टोला एकत्र नांदले. १९७८ मध्ये, म्हणजे 'अ-उ-ब'च्याच वर्षी, ब्रेख्तच्या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी केलेला 'तीन पैशाचा तमाशा' जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आला आणि त्यात नंदू भेंडे या मुंबईच्या रॉक गायकाला प्रमुख भूमिका मिळाली. रॉकचा मराठी रसिकाला झालेला हा परिचय नाट्यप्रयोगाच्या चौकटीत झाला. चौकट असल्यामुळे उपहास हा उपहास म्हणून कळला. 'घाशीराम'च्या बाबतीत तर तो इतका कळला की वाद उफाळून नाटकाचे प्रयोग थांबले.

अरुण कोलटकर यांचे उदाहरण याच्या उलट आहे. १९७० च्या दशकात त्यांनी इंग्रजीत गीते लिहिली आणि रॉक संगीताच्या अंगाने ती म्हणून पाहिली. ती पुस्तकरूपात आली २००९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादित केलेल्या संग्रहात. कोलटकरांचा उपरोध कागदावर राहिला आणि कविता म्हणून वाचला गेला. महीनच्या घोड्यांचा तबकडीवर गेला आणि गाणे म्हणून ऐकला गेला. एकाला वाचक मिळाले, दुसऱ्याला श्रोते. दोन्हीकडे अर्धा भाग निसटला.

विडंबनाला मूळ माहीत असलेला वाचक लागतो, हे 'झेंडूची फुले' (१९२५) पासून मराठी समीक्षेने ओळखले आहे. रविकिरण मंडळाची कविता ज्याला ठाऊक नाही, त्याला अत्रे यांच्या विडंबनाची खुमारी पुरती कळत नाही. परंतु मूळ माहीत असणे पुरेसे आहे काय, हा पुढचा प्रश्न महीनच्या घोड्यांमुळे उभा राहतो. त्यांच्या श्रोत्याला रवींद्रनाथ, जीवनानंद, पिकासो आणि डिलन हे सारे ठाऊक होते. अडचण अज्ञानाची नव्हती, अतिपरिचयाची होती. यादीतील प्रत्येक नाव ओळखीचे निघाल्याचा आनंद इतका होता की, यादीच कशी चेष्टेचा विषय झाली आहे, हे लक्षात येण्यास अवकाश उरला नाही.

जगातील अन्य उदाहरणांशी तुलना केल्यास हा विशेष अधिक उठून दिसतो. अमेरिकेत फ्रँक झॅपा आणि त्यांच्या 'मदर्स ऑफ इन्व्हेन्शन' या गटाने १९६८ मध्ये हिप्पी संस्कृतीची टर उडविणारी ध्वनिमुद्रिका काढली. तिचे वेष्टनही बीटल्सच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनाचे विडंबन होते. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये 'ट्रोपिकालिया' चळवळीची सामूहिक ध्वनिमुद्रिका आली, आणि वर्ष संपता संपता काएतानो व्हेलोझो व झिल्बेर्तो झिल या तिच्या दोन प्रमुख कलावंतांना लष्करी राजवटीने अटक केली. झॅपांचा उपहास दुसऱ्यांवर होता, ब्राझीलचा सत्तेला बोचला. महीनच्या घोड्यांनी ना कोणाचे नाव घेतले, ना त्यांच्यावर कोणी बंदी घातली. त्यांचा रोख ऐकणाऱ्यावरच होता, आणि ऐकणाऱ्याने त्यांना शिक्षा केली नाही. आधी दुर्लक्ष केले आणि नंतर प्रेम केले.

हे प्रेम खोटे नव्हते. २०२० मध्ये रंजन घोषाल आणि २०२३ मध्ये तापस दास या मूळ गटातील कलावंतांचे निधन झाले, तेव्हा बंगालीभाषक तरुणांत उमटलेली हळहळ पुरेशी बोलकी होती. परंतु 'काळाच्या पुढे' हे विशेषण त्या प्रेमाची सोयीस्कर पळवाट ठरते. गाणी काळाच्या पुढे होती असे म्हटले की, त्या काळाच्या श्रोत्याने ती का ऐकली नाहीत याचे उत्तर मिळाल्यासारखे होते, आणि आजच्या श्रोत्याला ती नीट ऐकू येतात असे आपोआप गृहीत धरले जाते. वस्तुतः ती आपल्या काळाच्या अगदी मध्यभागी उभी होती आणि त्या काळाच्या सुधीजनांशी बोलत होती. चांदणे, पिकासो, डिलन, रविशंकर ही जी यादी १९७७ मध्ये गाइली गेली, तिच्यात आज एका नावाची भर पडली आहे, आणि ते नाव महीनच्या घोड्यांचे आहे. 'हाय भालोबाशि' ऐकताना आवडीच्या या यादीत आपणही ते नाव सहज मिसळून टाकतो, हे ज्या श्रोत्याला जाणवते, त्याच्यापर्यंत तो उपहास अजूनही पोहोचतो.